पेग नंबर १७

रांगेत मी शेवटून तिसरी होते, त्यामुळे माझा हात थैलीत गेला तेव्हा तळाशी तीनच बिल्ले खुळखुळत होते. सकाळचे पावणेनऊ. इंग्लंडच्या वॉरिकशरमधल्या एका शेतात खणलेल्या तळ्याकाठचं छोटं कॅफे, आत तळलेल्या बेकनचा आणि चहाचा वास, आणि बत्तीस माणसं. बिल्ल्यावर जो आकडा येईल ती तळ्याकाठची तुमची जागा. तिला इथे पेग म्हणतात. पुढचे पाच तास मासे तिथूनच पकडायचे, दुसऱ्या जागेचं पाणी कितीही चांगलं दिसलं तरी. मला १७ आला. माझ्या मागे आमचे शेजारी उभे होते. त्यांनी बिल्ला बघितला आणि म्हणाले, "बरी जागा आहे. समोर बेट आहे, वारा तुझ्याच काठाला लागतोय. फक्त घाई करू नकोस."

मी मूळची मालवणजवळच्या देवबागची. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीवर आमचं घर. शाळा सुटली की तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि गरी, म्हणजे गळ, घेऊन आम्ही भावंडं गरवायला बसायचो. गरीला सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, तुकडा, नाहीतर गांडूळ. काळुंदर लागलं तर रात्री तिखलं, तांबोशी लागली तर शेजारच्या दोन घरांत वाटा. नोकरीमुळे अकरा वर्षांपूर्वी इंग्लंडला आले आणि बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच गावात स्थिरावले. हे सुयांचं गाव. एकोणिसाव्या शतकात जगातल्या सुयांचा फार मोठा वाटा इथे तयार व्हायचा. तार कापायची, टोक घासायचं, पाणी द्यायचं; सुईसाठी हे जमलं की तीच तार वाकवून गळ होतो, म्हणून गळांचे कारखानेही इथेच वाढले. शेजाऱ्यांच्या आजी तशा एका कारखान्यात कामाला होत्या. मी गरवायचे हे शेजाऱ्यांना एकदा कुंपणावरून बोलताना कळलं. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी मला कालव्यावर आणि तळ्यांवर नेऊन शिकवलं. ही माझी पहिली मॅच होती.

मॅच म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आपल्याकडे असा प्रकार माझ्या पाहण्यात नाही. सगळ्यांनी एकाच शिट्टीला सुरुवात करायची, एकाच शिट्टीला थांबायचं. आमची वेळ होती दहा ते तीन. पकडलेला प्रत्येक मासा पाण्यातच सोडलेल्या लांब जाळीच्या पिशवीत, कीपनेटमध्ये, जिवंत ठेवायचा. शेवटी वजन होतं आणि सगळे मासे परत तळ्यात जातात. जास्त वजन त्याचा नंबर. तळी खाजगी असतात, मालकाने खणून त्यात कार्प जातीचे मासे सोडलेले असतात आणि लोक दिवसाचे पैसे भरून बसतात. शिवाय १३ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला सरकारी पर्यावरण खात्याचं रॉड लायसन्स लागतं. नद्यांवर १५ मार्च ते १४ जून मासे पकडायला बंदी असते, पण अशी बहुतेक तळी त्यातून सुटलेली आहेत, म्हणून मॅच बारा महिने चालतात.

ऑगस्टमधला रविवार होता, म्हणजे श्रावण. आदल्या रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "श्रावणात मासे मारूक चललंस?" मी म्हटलं, खायचे नाहीत, वजन करून परत सोडायचे. फोनवर जरा वेळ शांतता. मग, "सोडून देतत? आणि मगे पकडतत कित्याक?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही.

सामान मांडायला सव्वा तास मिळतो आणि तो पुरत नाही. बसायची पेटी पायांच्या उंचीवर सरळ करून घ्यायची, नाहीतर पाच तासांत कंबर बोलायला लागते. पेटीला लागून आमिषाचा ट्रे. कीपनेट इथे तळ्याचेच वापरावे लागतात. बाहेरच्या ओल्या जाळीतून माशांचे रोग एका तळ्यातून दुसऱ्यात जातात, म्हणून स्वतःचं लँडिंग नेट, म्हणजे मासा पाण्यातून उचलायची दांडीची जाळी, तीसुद्धा आधी जंतुनाशकाच्या टाकीत बुडवून आणायचं. मी ते बुडवत असताना मालकीणबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मला ते आवडलं.

मग पोल. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा विश्वासच बसला नव्हता. कार्बनच्या नळ्या एकीत एक खोचत नेल्या की १३ मीटर लांब काठी तयार होते, म्हणजे चार मजली घराच्या उंचीची. माझा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला आहे, पण नव्यांची किंमत हजारो पौंडांत जाते. त्याला रीळ नसतं. पुढच्या दोन-तीन नळ्यांच्या पोटातून एक रबरी दोरी, इलॅस्टिक, ओवलेलं असतं आणि त्याच्या टोकाला तंगूस बांधलेला. मासा पळाला की इलॅस्टिक बाहेर ताणलं जातं, दमला की आत येतं. मागे गवतात एक रोलर ठेवतात. पोल त्यावरून मागे सरकवत न्यायचा आणि माशाला जवळ आणलं की मधूनच सोडवून फक्त पुढचा भाग हातात ठेवायचा. कार्बनमधून वीज जाते, म्हणून विजेच्या तारांखाली पोल उभा करायचा नाही आणि ढग गडगडले की तो खाली ठेवायचा, हे शेजाऱ्यांनी मला गळ बांधायला शिकवण्याच्याही आधी सांगितलं होतं.

खोली मोजणं हे काम मी मन लावून केलं. गळाला एक छोटं वजन अडकवायचं, हळूच पाण्यात सोडायचं आणि फ्लोटचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचं, टोक पाण्याबाहेर किती राहतं ते बघत फ्लोट वरखाली सरकवायचा. बेटाजवळ सव्वादोन फूट. मध्ये साडेचार. माझ्या डाव्या हाताला, लव्हाळ्याच्या झुडपाशेजारी काठालगत जेमतेम दीड फूट. तिन्ही ठिकाणांसाठी तीन वेगळे टॉप, म्हणजे पोलचे पुढचे भाग, तयार केले. तंगूसवर जे मणी चेपायचे ते, अगदी बारीक सोडले तर, आता शिशाचे नसतात. हंस तळाशी चरताना शिशाचे मणी गिळून मरायचे, म्हणून १९८७ पासून इथे गळाला लावायच्या बहुतेक लहान शिशांवर बंदी आली. समोर बेटाच्या टोकाला एक हंसांची जोडी चार पिल्लांना घेऊन फिरत होती. गळ १६ नंबरचा, काटा नसलेला. आपल्या गरीला जो उलटा काटा असतो तो इथे चालत नाही. काटा नसला की मासा सोडवताना जबडा फाटत नाही, आणि तंगूस तुटलाच तर तो गळ माशाला स्वतः झटकता येतो.

दहाला शिट्टी झाली. काठावर कोणीतरी ओरडलं, "ऑल इन!" आणि बत्तीस पोल एकदम पाण्यावर गेले.

पहिल्या तासात मी चुकले. मध्ये, साडेचार फूट खोलीवर, पोलच्या टोकाला लावलेली मोठी वाटी पेलेट्सनी, म्हणजे माशांच्या खाण्याच्या बारीक गोळ्यांनी, गच्च भरून ओतली. दहा मिनिटांत दोन मासे आले, दोन-दोन पौंडांचे एफ१, म्हणजे कार्पचा संकर. कालव्यावर तासाला दोन मासे लागले तरी मी खूश असायचे, आणि इथे हे असं. मी आणखी एक वाटी ओतली. त्यानंतर फ्लोट थांबेचना. बुडायचा, आडवा व्हायचा, परत यायचा. मी प्रत्येक वेळी झटका देत होते आणि हाती काही येत नव्हतं. एकदा इलॅस्टिक जोरात ताणलं गेलं, एखादा ट्रक ओढल्यासारखं, आणि लगेच ढिलं पडलं. गळ वर आणला तर त्याच्या टोकाला एक खवला.

तो खवला मी बोटावर घेतला. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, कडेला सोनेरी, मुळाकडे पारदर्शक, आणि झाडाच्या खोडावर असतात तशा बारीक वर्तुळांच्या रेघा. त्याला किंचित रक्त लागलं होतं. फार वाईट वाटलं. मासा आमिष खायला आलाच नव्हता. खालच्या गर्दीत तो तंगूसला घासून गेला, फ्लोट हलला, मी झटका दिला आणि गळ त्याच्या कुशीत रुतला. तळाशी एवढं खाणं पडलं होतं की मासे गढूळ पाण्यात धुमाकूळ घालत होते, आणि त्यांच्या अंगाचे धक्के मला चावे वाटत होते.

पेग १६ वर साठीचे एक गृहस्थ होते. बरोबर तेवढ्या वेळात त्यांनी सहा मासे घेतले होते. मी पोल आडवा ठेवला आणि पाच मिनिटं फक्त त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या पोलच्या टोकाला बाटलीच्या टोपणाएवढी डबी होती. प्रत्येक वेळी ते तिच्यात चिमूटभर घालत, पाच-सहा मक्याचे दाणे किंवा तेवढ्याच पेलेट्स. ते गळाच्या अगदी वर नेऊन सोडत आणि थांबत. मासा आला तरी पुन्हा तेवढंच. मासा नाही आला तर दाणे टाकायच्या आधी आणखी थांबत.

तेव्हा मला आमच्या देवळातल्या समाराधनेचे वाढपी आठवले. चांगला वाढपी पानाकडे बघून वाढतो. पान रिकामं व्हायला आलं की त्याचा हात पुढे येतो आणि भात संपायच्या आत आमटी येते. अननुभवी पोरं पहिल्याच फेरीत पानावर ढीग घालतात आणि जेवणाऱ्याची भूक तिथेच मोडते. खाडीवर आम्ही माशांना कधी खायला घातलं नव्हतं. भरती त्यांना आणायची, आम्ही गरी टाकून बसायचो. इथे मात्र माशाला बोलवायचं ते वाढूनच, आणि बोलवलेला मासा टिकवायचा तोही वाढूनच. शेजारी दोन वर्षं हेच सांगत होते, "कमी घाल, वारंवार घाल." मला ते शब्द पाठ होते. हाताला तोवर कळलेलं नव्हतं.

मधली जागा मी पूर्ण सोडून दिली आणि १३ मीटरवर बेटाजवळ गेले. तिथे मोजून सहा दाणे मका टाकला आणि गळालाही एक दाणा लावला. आठ मिनिटं काहीच नाही. पहिल्या तासातली मी असते तर आणखी एक मूठ टाकली असती. नवव्या मिनिटाला फ्लोटचं केशरी टोक एकदा थरथरलं, अर्धा इंच वर आलं आणि मग सावकाश, तिरकं, खाली निघून गेलं. खरा चावा असा असतो. घाईचा नसतो. मी पोल फक्त मनगटाने उचलला.

इलॅस्टिक निळं होतं. ते पोलच्या टोकातून बाहेर आलं आणि बेटाला समांतर, पाण्यावर, चार मीटर, पाच मीटर सरकत गेलं. पोलचं मागचं टोक माझ्या मांडीवर दाबलेलं होतं आणि त्यातून माशाच्या शेपटीचा प्रत्येक फटकारा मला मांडीत जाणवत होता. ओढायचं नाही. पोल आडवा धरून त्याला मोकळ्या पाण्याकडे वळवायचं आणि इलॅस्टिकला काम करू द्यायचं. हळूहळू पोल रोलरवरून मागे नेला आणि टॉप सोडवला. मासा पायांपाशी आला तेव्हा दोनदा पुन्हा खोल गेला. तिसऱ्यांदा तोंड पाण्याबाहेर काढून हवा घेतली आणि मग शांतपणे जाळीत आला. मिरर कार्प होता, सहा पौंडांच्या आसपास. पाठीवर मोजकेच मोठे खवले, बाकी अंग तुकतुकीत, घासलेल्या पितळी तांब्यासारखं. हात ओले करून गळ काढला आणि त्याला कीपनेटमध्ये सोडलं.

पुढचे दोन तास चांगले गेले. दर सात-आठ मिनिटांनी एक मासा, अधेमधे एखादा ब्रीम. ब्रीम चपटा आणि चिकट, अंगठ्यावर त्याचा शेंबडासारखा थर बसतो. प्रत्येक माशाचा अंदाजे आकडा मी हातातल्या मोजणीयंत्रावर दाबत होते. कारण एका कीपनेटमध्ये ५० पौंडांची मर्यादा होती, म्हणजे साधारण साडेबावीस किलो. त्यावर जे भरेल ते वजनात धरत नाहीत. एका जाळीत गर्दी होऊन मासे गुदमरू नयेत म्हणून हा नियम. अंदाज चुकला तर नुकसान आपलं, म्हणून तीस पौंडांपर्यंत पोचल्यावर मी दुसरी जाळी सुरू केली.

आईचा प्रश्न मधूनमधून येत होता. सकाळी साडेदहाला धरलेला मासा दुपारी तीनपर्यंत जाळीत राहतो. इथेही काही लोकांना ते मान्य नाही. मी जाळी ताणून खोल पाण्यात ठेवली होती आणि कडेने वारंवार बघत होते. मासे एका ओळीत, डोकी वाऱ्याच्या दिशेला करून स्थिर उभे होते. मनाचं समाधान तेवढ्याने पूर्ण झालं नाही, आणि ते खोटं सांगणार नाही. पण ज्या खाडीत आता माझ्या लहानपणीसारखी काळुंदरं मिळत नाहीत असं भाऊ सांगतो, तिथली मी. माशाची एवढी निगा राखणारी माणसं बघून आत कुठेतरी बरं वाटत होतं, हेही खरं.

दोन वाजता काठालगतच्या जागेवर गेले. दिवस कलला की मोठे कार्प काठाशी येतात हे शेजाऱ्यांचं ठाम मत, आणि मी बारापासून दर वीस मिनिटांनी तिथे लाल मेलेल्या अळ्यांची एकेक लहान वाटी टाकत आले होते, गळ न घालता. वाकून बघितलं तर लव्हाळ्याच्या मुळाशी पाण्याला धुरकट रंग आला होता आणि त्यात एक शेपूट. हाताच्या पंज्याएवढी, तपकिरी, संथपणे हलणारी. माझा श्वास अडकला. गळाला चार अळ्या ओवून अलगद सोडल्या.

पहिला तिथे नऊ पौंडांचा आला. दुसरा त्याहून मोठा होता. तो सरळ लव्हाळ्याच्या झुडपात घुसला, मी पोल उलट्या बाजूला पूर्ण वाकवला, इलॅस्टिक कडक झालं आणि तंगूस तुटला. पंधरा मिनिटं हात कापत होते. नवा टॉप घेतला, या वेळी जाड इलॅस्टिकचा, जो मी पहिल्यापासूनच तिथे वापरायला हवा होता. शेवटच्या अर्ध्या तासात आणखी तीन आले. तिसरा गळाला असतानाच तीनची शिट्टी झाली. शिट्टीआधी लागलेला मासा बाहेर काढायला आमच्या नियमात १५ मिनिटं होती. मला चार लागली.

वजनवाले तिकाटणं आणि वजनकाटा घेऊन एकेका पेगवर येतात. जाळी पाण्यातून हळूच उचलायची, मासे ओल्या पिशवीत ओतायचे, काट्याला टांगायचे, आकडा मोठ्याने वाचायचा. पहिली जाळी ३१ पौंड ४ औंस. दुसरी ४१ पौंड २ औंस. एकूण ७२ पौंड ६ औंस, म्हणजे जवळजवळ ३३ किलो मासे, एका बाईने, एका काठीने, पाच तासांत. कागद धरणाऱ्या मुलाने आकडा लिहिला आणि मला म्हणाला, "छान." पेग १६ चे ११८ पौंड झाले. आठ जणांच्या आमच्या गटात ते पहिले आणि मी तिसरी. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी १४१ पौंडांनी मॅच जिंकली. बक्षिसाचे पैसे मला मिळाले नाहीत. शेजाऱ्यांचे ६४ पौंड भरले होते. माझा आकडा ऐकून त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि परत घातली. नंतर गाडीपर्यंत माझी पेटी त्यांनीच ओढली, मी कितीही नको म्हटलं तरी.

वजनानंतर पिशवी पाण्याच्या कडेला टेकवून उघडतात. ओतत नाहीत. मासे आपले आपण निघतात. सगळ्यात मोठा, शेवटचा, थोडा वेळ तसाच उथळ पाण्यात माझ्या बुटांशी थांबला, कल्ले हलवत. मग शेपटीचा एक फटका, माझ्या तोंडावर पाणी, आणि गेला.

रात्री आईचा फोन आला. किती मिळाले, केवढे मिळाले, ते तिने विचारलं नाही. "गरीक काय लावललंस?"

"मको," मी म्हटलं.

"मको? थंयचे मासे मको खातत?"

"खातत. पण एका टायमाक पाच-सहाच दाणे घालूचे लागतत."

ती जरा विचारात पडली. मागे अंगणात पाऊस लागल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "पुढच्या टायमाक सुंगटां लावन बघ."